अमेरिकेत दुकान टाकलं, नागरिकत्वही मिळवलं, पण कोर्टाच्या एका निकालानं सगळं गेलं : वैष्णो दास बगाई यांची गोष्ट

परदेशात जाऊन सेटल व्हायचं म्हटलं की आपल्याकडे चर्चा दोनच गोष्टींवर येते. पहिली, तिथं जाऊन पोटापाण्याचं काय करणार? आणि दुसरी, कागदपत्रांचं काय? म्हणजे नोकरी शोधायची की स्वतःचा छोटा धंदा टाकायचा, किती पैसे गुंतवले की कायम राहायची परवानगी मिळते, मग नागरिकत्वाला किती वर्षं लागतात वगैरे वगैरे.

एकदा का तो नागरिकत्वाचा कागद हातात पडला की गंगेत घोडं न्हालं, असं सगळ्यांनाच वाटतं.

पण शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं हे सगळं नियमानुसार केलं होतं. स्वतःचे पैसे घेऊन गेला, दुकान टाकलं, भाषा शिकला, कर भरला, रांगेत उभं राहून नागरिकत्व मिळवलं. आणि दोन वर्षांतच तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला, ज्याच्यामुळं हे सगळं उलटं फिरलं. त्या माणसाचं नाव वैष्णो दास बगाई.

अमेरिकेतल्या भारतीयांचा इतिहास सांगताना हे नाव टाळून पुढं जाता येत नाही. आपल्याकडे मात्र ते फारसं कुणाला माहीत नाही. म्हणून ही गोष्ट सुरुवातीपासून बघू.

पेशावरचा सधन तरुण अमेरिकेला का निघाला?

वैष्णो दास यांचा जन्म १८९१ चा, पेशावरचा. आज हे शहर पाकिस्तानात आहे, तेव्हा ते ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर होतं. घरची परिस्थिती उत्तम, जमीनजुमला होता. लग्न त्या काळाच्या रीतीप्रमाणं लहानपणीच झालेलं. बायकोचं नाव कला. पुढं तीन मुलं झाली, ब्रिज, मदन आणि राम.

म्हणजे पोटासाठी देश सोडायची वेळ आलेला हा माणूस नव्हता. त्या काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचलेले बहुतेक भारतीय पंजाबातले शेतकरी किंवा माजी सैनिक होते. लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर, नंतर कॅलिफोर्नियातल्या शेतांवर ते मजुरी करायचे. बगाईंचं प्रकरण वेगळं होतं. त्यांना घरी काही कमी नव्हतं, फक्त घर ज्या देशात होतं तो देश स्वतंत्र नव्हता.

आणि तेच त्यांना खटकत होतं. आपली मुलं इंग्रजांच्या राज्यात गुलाम म्हणून वाढू नयेत, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शिवाय सॅन फ्रान्सिस्को हे तेव्हा गदर चळवळीचं केंद्र होतं. १९१३ मध्ये या शहरातून गदर नावाचं वर्तमानपत्र सुरू झालं. परदेशात राहून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी लढायचं, गरज पडली तर हत्यारं उचलायची, असा त्या मंडळींचा विचार होता. बगाई याच विचाराचे होते.

इथं आपला एक धागा जोडला जातो. गदर चळवळीत मराठी माणसंही होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेतच या कामात होते. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला गेले आणि गदरचे होऊन लढण्यासाठी हिंदुस्थानात परतले. लष्करात उठाव घडवण्याच्या प्रयत्नात ते पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत त्यांना फाशी झाली.

पिंगळे लाहोरच्या तुरुंगात फाशीच्या छायेत होते, त्याच सुमारास, सप्टेंबर १९१५ मध्ये बगाई कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरत होतं.

पंचवीस हजार डॉलर आणि एक चमकी

बंदरात उतरलं म्हणजे शहरात पोचलं, असं नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड नावाचं बेट आहे. १९१० पासून तिथं परदेशातून येणाऱ्यांची तपासणी करणारं ठाणं होतं. विशेषतः आशियातून येणाऱ्यांना तिथं अडकवून ठेवलं जायचं. तब्येत तपासायची, प्रश्नांचा भडिमार करायचा आणि मग आत घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं.

भारतीयांना परत पाठवण्यासाठी अधिकाऱ्यांकडे एक हुकमी कारण असायचं. हा माणूस उद्या कंगाल होईल आणि सरकारवर त्याचं ओझं पडेल, एवढं म्हटलं की काम व्हायचं. कारण येणारे बरेच जण कर्ज काढून, जमीन गहाण ठेवून आलेले असायचे.

बगाईंच्या बाबतीत ही चाल चालली नाही. त्यांनी आपल्याकडचे २५ हजार डॉलर अधिकाऱ्यांना दाखवले. १९१५ साली ही रक्कम प्रचंड होती. ज्याच्याकडे एवढे पैसे आहेत तो सरकारवर ओझं कसा होणार? थोडे दिवस अडकवून ठेवल्यावर कुटुंबाला सोडण्यात आलं.

त्यांच्या येण्याची तिथल्या वर्तमानपत्रात बातमी झाली. पण बातमीचा विषय वैष्णो दास नव्हते, त्यांचे पैसेही नव्हते. बातमी होती कलाबाईंच्या नाकातल्या चमकीची. त्या काळी अमेरिकेत भारतीय बाई दिसणं दुर्मीळ होतं. आलेले सगळे पुरुष. कित्येकांच्या बायका गावीच राहिल्या, काहींनी पुढं मेक्सिकन बायकांशी लग्न करून संसार थाटले. अशा ठिकाणी तीन मुलं घेऊन आलेली, नाकात चमकी घातलेली तरुण बाई म्हणजे पत्रकारांसाठी नवलच.

त्यांना आत यायला मिळालं, हे वेळेचं गणितही होतं. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये अमेरिकेनं कायदा करून आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी घातली. त्यात हिंदुस्थानही होता. बगाई कुटुंब दार बंद व्हायच्या आत पोचलं होतं.

पैसे होते, घरही घेतलं, पण...

सॅन फ्रान्सिस्कोच्या पलीकडे, खाडीच्या दुसऱ्या बाजूला बर्कली नावाचं गाव आहे. मोठं विद्यापीठ असलेलं. बगाईंनी तिथं घर घेतलं. सामान भरलं, मुलांना घेतलं आणि राहायला गेले.

तिथं पोचल्यावर दिसलं की शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून ठेवलंय.

पैसे पूर्ण दिले होते, व्यवहार झाला होता. पण हिंदुस्थानी माणसं आपल्या गल्लीत नकोत, असं शेजाऱ्यांनी ठरवलं होतं. आता पोलिसात जाणं, कोर्टात जाणं शक्य होतं. पण कलाबाईंनी विचार केला तो मुलांचा. उद्या आपण कामाला गेल्यावर हे लोक आपल्या लेकरांना काही करणार नाहीत कशावरून? त्या गल्लीत राहायचंच नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं आणि भरलेलं सामान घेऊन कुटुंब तसंच माघारी फिरलं.

बर्कलीचा हा प्रसंग लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला परत तिथंच यायचंय.

फिल्मोर स्ट्रीटवरचं दुकान

बगाईंनी मग सॅन फ्रान्सिस्कोत बस्तान बसवलं. आयात-निर्यातीच्या धंद्यात पडले आणि फिल्मोर स्ट्रीटवर बगाईज बझार नावाचं दुकान थाटलं. हिंदुस्थानातल्या कलाकुसरीच्या वस्तूही ते विकायचे. धंदा खूप मोठा नव्हता, पण स्वतःचा होता आणि घर चालवत होता.

बगाईंनी स्वतःला बदलायलाही कमी केलं नाही. सूट-टाय घालायला लागले. इंग्रजी चांगलं होतं. मुलं अमेरिकन शाळेत जाऊ लागली. कलाबाई इंग्रजी शिकत होत्या. एकीकडे गदरच्या कामाशी नातं टिकवून होते आणि दुसरीकडे कायमचे अमेरिकन होण्याची तयारी चालू होती. या दोन गोष्टींत त्यांना विरोध वाटत नव्हता. इंग्रजांशी लढून स्वतंत्र झालेला देश, म्हणूनच तर त्यांनी अमेरिका निवडली होती.

तेव्हा नागरिकत्व मिळायचं कसं?

आता मुद्द्याचा भाग. आज अमेरिकेत आधी व्हिसा, मग ग्रीन कार्ड, मग नागरिकत्व अशी शिडी आहे. तेव्हा ग्रीन कार्ड हा प्रकारच नव्हता. बंदरावरच्या तपासणीतून कायदेशीर आत आलात की तुम्ही राहू शकत होता, धंदा करू शकत होता. पुढची पायरी थेट नागरिकत्वाची.

त्यासाठी आधी आपला इरादा लेखी कळवायचा. किमान पाच वर्षं सलग राहायचं. दोन साक्षीदार आणायचे, जे सांगतील की माणूस चांगल्या वर्तनाचा आहे. आणि शेवटी कोर्टात शपथ घ्यायची, ज्यात जुन्या देशाच्या राजाशी असलेली निष्ठा कायमची सोडावी लागे. बगाईंसाठी याचा अर्थ होता ब्रिटिश बादशहाची प्रजा असणं सोडून देणं. त्यांनी ते आनंदानं केलं असणार, यात शंका नको.

पण यात एक मेख होती. १७९० च्या कायद्यानुसार नागरिकत्व फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसाला मिळू शकत होतं. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. बाकीच्यांचं काय? त्याबद्दल कायदा काही बोलत नव्हता आणि गोरा म्हणजे नक्की कोण याची व्याख्याही कुठं दिलेली नव्हती.

मग हा निर्णय ज्या त्या कोर्टातल्या न्यायाधीशावर सोडलेला. आणि न्यायाधीश वेगवेगळं ठरवायचे. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कच्या कोर्टानं नागरिकत्व दिलं आणि १९१० मध्ये वरच्या कोर्टातही ते टिकलं. १९१३ मध्ये अक्षय कुमार मोझुमदार या बंगाली माणसालाही मिळालं. त्यांचा युक्तिवाद साधा होता. तेव्हाचे वंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियन म्हणायचे, आणि कॉकेशियन म्हणजे गोरे असं अमेरिकेतली कोर्टं मानायची. मग आम्हीही त्यात आलो.

हा सगळा युक्तिवाद आज वाचताना विचित्र वाटतो. आपण माणूस आहोत एवढं पुरत नव्हतं, आपण गोरे आहोत हे सिद्ध करावं लागत होतं. पण दार तेवढंच उघडं होतं आणि त्यातूनच जावं लागत होतं. बगाईही त्यातूनच गेले. १९२१ मध्ये त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं.

दुकान आहे, घर आहे, मुलं शाळेत आहेत, हातात नागरिकत्वाचा कागद आहे. पेशावरहून निघताना जे ठरवलं होतं ते सहा वर्षांत झालं होतं.

तीन महिन्यांत दोन निकाल

नोव्हेंबर १९२२. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढं ताकाओ ओझावा नावाच्या जपानी माणसाचा अर्ज होता. वीस वर्षं अमेरिकेत राहिलेला, तिथंच शिकलेला, घरात इंग्रजी बोलणारा. त्याचं म्हणणं होतं, माझी कातडी कित्येक गोऱ्यांपेक्षा उजळ आहे. न्यायालयानं सांगितलं, कातडीच्या रंगाचा प्रश्न नाही. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. जपानी त्यात बसत नाहीत. अर्ज फेटाळला.

हे ऐकून अमेरिकेतल्या भारतीयांना हायसंच वाटलं असेल. कारण आपण कॉकेशियन आहोत, असं तर शास्त्रज्ञच म्हणत होते.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा निकाल आला. थिंद हे पंजाबी शीख. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. ओरेगॉनच्या कोर्टानं त्यांना नागरिकत्व दिलं होतं आणि सरकारनं त्याला आव्हान दिलं होतं.

निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती तेच होते, ज्यांनी ओझावाचा निकाल लिहिला होता. जॉर्ज सदरलँड. आणि यावेळी त्यांनी सांगितलं की शास्त्रज्ञ काय म्हणतात ते महत्त्वाचं नाही. रस्त्यावरचा सामान्य अमेरिकन माणूस गोरा कुणाला म्हणतो, ते महत्त्वाचं. आणि तो काही हिंदुस्थानी माणसाला गोरा म्हणत नाही.

म्हणजे जपानी माणूस आला तेव्हा वंशाचं शास्त्र पुढं केलं आणि हिंदुस्थानी माणूस ते शास्त्र घेऊन आला तेव्हा शास्त्र बाजूला ठेवलं. चित भी मेरी, पट भी मेरी.

निकाल एकट्या थिंद यांच्याबद्दल असता तर एक वेळ ठीक होतं. पण सरकारनं त्याचा अर्थ असा लावला की आजवर ज्या भारतीयांना नागरिकत्व दिलं ते मुळातच चुकीनं दिलं गेलं. मग ते परत घ्यायचं. एकेकाला नोटिसा जायला लागल्या. पुढच्या काही वर्षांत पन्नासच्या वर भारतीयांचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. त्यांत वैष्णो दास बगाई होते.

नागरिकत्व गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

तुम्ही म्हणाल, कागद गेला तर गेला, माणूस राहू तर शकतोय ना? दुकान चालू ठेवायचं.

गोम तिथंच होती. कॅलिफोर्नियात १९१३ पासून परक्यांच्या जमिनीबद्दलचा एक कायदा होता आणि १९२० मध्ये तो आणखी कडक केला होता. जो माणूस नागरिक होण्यास पात्रच नाही, त्याला शेतजमीन विकत घेता येणार नाही, असा त्याचा गाभा. कायद्यात जपानी, हिंदुस्थानी असं नाव कुणाचंच नव्हतं. पण पात्र कोण नाही हे आधीच्या कायद्यानं ठरलं होतं, त्यामुळं नाव घ्यायची गरजच नव्हती.

थिंद निकालानंतर भारतीयही या अपात्रांच्या यादीत गेले. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमिनी घेतल्या होत्या, त्या डोळ्यांदेखत हातच्या जायला लागल्या. काहींनी गोऱ्या ओळखीच्यांच्या नावावर केल्या आणि त्यांच्या शब्दावर विसंबून राहिले. बगाईंवरही मालमत्ता मोडायची वेळ आली. घर गेलं. आणि ज्या दुकानाच्या जिवावर ते या शहरात उभे राहिले होते, ते फिल्मोर स्ट्रीटवरचं दुकानही गेलं.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे त्यांना आता देशच उरला नव्हता. ब्रिटिश प्रजा असणं त्यांनी शपथेवर सोडलं होतं. अमेरिकेनं त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. कायद्याच्या भाषेत ते कुणाचेच नव्हते. धड ना इकडचे, ना तिकडचे.

१९२८ मध्ये त्यांना हिंदुस्थानात जाऊन यायचं होतं. नातेवाइकांना भेटायचं होतं. त्यांनी अमेरिकेकडे पासपोर्ट मागितला. तो नाकारण्यात आला. ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असं सुचवण्यात आलं.

ज्या राज्याखाली जगायचं नाही म्हणून घरदार सोडलं, त्याच राज्याच्या दारात जाऊन आता मी तुमची प्रजा आहे असं लिहून द्यायचं होतं. बगाईंनी ते केलं नाही.

१७ मार्च १९२८

त्यानंतर बगाईंनी सॅन होजे शहरात एक खोली भाड्यानं घेतली. १७ मार्च १९२८ ला तिथं त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. वयाची चाळिशीही गाठली नव्हती.

जाण्याआधी त्यांनी घरच्यांसाठी पत्रं लिहिली होती आणि एक पत्र सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्झामिनर या वर्तमानपत्राला लिहिलं होतं. आपण इथं कायमचं राहायला आलो होतो, नागरिक झालो होतो आणि आता ना घर घेता येतं, ना देशाबाहेर जाता येतं, हे त्यांनी त्यात मांडलं. आपल्या जाण्याला कोण जबाबदार आहे, हा प्रश्न त्यांनी सरकारपुढं आणि वाचकांपुढं ठेवला. वर्तमानपत्रानं त्याची बातमी केली. पण कायदा काही बदलला नाही.

एका आत्महत्येचं कारण एका ओळीत सांगू नये, हे खरंच. माणसाच्या मनात काय काय चाललेलं असतं ते बाहेरून कळत नाही. आणि हाच निकाल सोसूनही त्याच काळात कितीतरी जण टिकून राहिले, लढले. बगाईंचं वेगळेपण एवढंच की आपल्यावर काय गुदरलं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं.

एकानं खटला जिंकलाही होता

या गोष्टीत आणखी एक नाव घ्यायलाच हवं. सखाराम गणेश पंडित. ते कॅलिफोर्नियात वकिली करत होते, आणि थिंद यांच्या बाजूनं खटला लढवणाऱ्यांत ते होते. त्यांना स्वतःला १९१४ मध्ये नागरिकत्व मिळालं होतं. थिंद हरल्यावर सरकारनं पंडितांच्या नागरिकत्वावरही दावा ठोकला.

पंडितांनी यावेळी गोरा कोण या वादात शिरायचंच नाही असं ठरवलं. त्यांचा मुद्दा वेगळा होता. कोर्टानं मला रीतसर नागरिकत्व दिलं, तेव्हा सरकारनं अपील केलं नाही. त्या निर्णयावर विसंबून मी वकिली सुरू केली, घर केलं, लग्न केलं. आता इतक्या वर्षांनी तोच प्रश्न उकरून काढता येणार नाही. १९२६ मध्ये अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला.

यानंतर भारतीयांचं नागरिकत्व काढून घेण्याची मोहीम थंडावली. पण ज्यांचं आधीच गेलं होतं, त्यांचं आपोआप परत आलं नाही. बगाई त्यांच्यापैकीच एक.

कलाबाईंनी पुढं काय केलं?

तीन मुलं, परका देश, नवरा गेलेला. पेशावरला परत जावं, असं कुणालाही वाटलं असतं. कलाबाई राहिल्या. उरलेला पैसा नीट सांभाळला, गुंतवला, स्वतः शिकल्या आणि तिन्ही मुलांना कॉलेजपर्यंत शिकवलं. १९३४ च्या सुमारास त्यांनी वैष्णो दास यांचे मित्र महेश चंद्र यांच्याशी दुसरं लग्न केलं. त्या काळात एका विधवेनं दुसरं लग्न करणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. पुढं त्या दक्षिण कॅलिफोर्नियात गेल्या आणि तिथं येणाऱ्या नव्या भारतीयांसाठी त्यांचं घर हे हक्काचं ठिकाण झालं.

इकडं कायदाही हळूहळू हलत होता. थिंद यांना १९३६ मध्ये माजी सैनिक म्हणून शेवटी नागरिकत्व मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर, २ जुलै १९४६ ला अध्यक्ष ट्रुमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. न्यूयॉर्कचे व्यापारी जे. जे. सिंग आणि त्यांची इंडिया लीग यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. या कायद्यानं भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला. भारतातून दरवर्षी किती जणांना यायला परवानगी? फक्त १००. पण दार किलकिलं झालं होतं. कलाबाई पुढं अमेरिकेच्या नागरिक झाल्या. १९६५ च्या कायद्यानं देशानुसार ठरवलेला जुना कोटा गेला आणि मग डॉक्टर, इंजिनिअर असे आपले लोक मोठ्या संख्येनं जायला लागले. आज ज्याच्या घरातलं कुणी अमेरिकेत आहे, त्याच्या तिथल्या संसाराची सुरुवात बहुतेक वेळा या १९६५ च्या कायद्यापासूनच होते.

पण त्याच्या आधी कुणीतरी तिथं दुकान टाकलं होतं, रांगेत उभं राहून कागद मिळवला होता आणि तो हिसकावला गेल्याचं पाहिलं होतं, हे आपल्या लक्षात नसतं.

कलाबाई १९८३ मध्ये गेल्या. आणि २०२० मध्ये बर्कली शहरानं ठरवलं की गावातल्या मुख्य भागातल्या एका रस्त्याला त्यांचं नाव द्यायचं.

ज्या गावात शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून या कुटुंबाला माघारी धाडलं होतं, त्याच गावातल्या रस्त्यावर आज पाटी आहे, कला बगाई वे.